कुठल्या पाण्यातली ब्राह्मी?

सुक्या ब्राह्मीची गोणी उघडली की पहिला वास येतो तो चिखलाचा. वेखंडाची गोणी गोदामाच्या दारातूनच कळते. जटामांसी शेजारच्या मालालाही आपला वास लावून ठेवते. ब्राह्मीला स्वतःचा असा वास जवळजवळ नाहीच. तिच्यासोबत येतो तो ती जिथे वाढली त्या जागेचा वास: भाताच्या खाचराचा, तळ्याच्या काठाचा, कधी कधी गटाराचा.

रायगड जिल्ह्यातल्या एका मध्यम आकाराच्या आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्यात कच्च्या मालाची तपासणी हे माझे काम होते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या मुलीने गोण्यांमध्ये काय बसायचे, असे घरी सगळ्यांना वाटे. पण फुलापानांनी सजलेली वनस्पती कुणीही ओळखेल. वाळून, मोडून, चुरा होऊन आलेली ओळखायची तर सगळे शिक्षण पणाला लागते. गाडी आली की चालान बघायचे, गोण्या मोजून घ्यायच्या, मग त्यांतल्या काही निवडून प्रत्येकीत कोपरापर्यंत हात घालून तळातला माल वर काढायचा. वरचा थर व्यापाऱ्याने मला दाखवण्यासाठीच भरलेला असतो. त्यात लबाडी आहे असेही नाही; भाजीवाली चांगले टोमॅटो वर ठेवते त्यातलाच प्रकार.

वाळलेली ब्राह्मी म्हणजे हिरवट-तपकिरी काड्यांचा गुंता. मूठभर माल पांढऱ्या एनॅमलच्या ट्रेमध्ये कढत पाण्यात टाकून ठेवला की थोड्या वेळाने पाने उलगडू लागतात. नखाएवढी, देठाशिवाय थेट काडीला चिकटलेली, बुडाशी निमुळती आणि टोकाला गोल, जराशी जाडसर. प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन. भिंगाखाली पानावर बारीक ठिपके दिसतात. काडी बोटांत दाबली तर पोकळ वाटते. तिचा आडवा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की मधल्या गाभ्याभोवती मोठमोठ्या हवेच्या पोकळ्यांचे चाक दिसते. पाण्यात उभ्या राहणाऱ्या झाडांना मुळांपर्यंत हवा पोचवावी लागते, तिची ही सोय. आणि जवळजवळ प्रत्येक पेरापाशी पांढरट मुळांचा झुबका. जमिनीवर पसरत जाताना जिथे पेर टेकले तिथे मूळ फुटते. या झुबक्याचे पुढे बरेच सांगायचे आहे.

शेवटी दोन पाने चावून बघायची. ही परीक्षा कुठल्याही ग्रंथात सक्तीची नाही, पण आमच्याकडचे जुने भट्टीवाले मामा तिच्यावरच विसंबत. ब्राह्मी कडू असते, आणि तिचा कडवटपणा लगेच न येता मागाहून येतो आणि जिभेच्या मुळाशी बसून राहतो.

ब्राह्मी म्हणून आमच्याकडे आणखी एक वनस्पती येत असे. कोकणात तिला कारिवणा म्हणतात, गोव्याकडे एकपानी, ग्रंथांत मंडूकपर्णी. लांब देठावर मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेला दातेरी पान. ही कोथिंबिरीच्या कुळातली, ब्राह्मीशी दूरचेही नाते नाही. दोघी ओल्या जागी वाढतात, दोघी जमिनीसरशी पसरतात आणि दोघींची ख्याती बुद्धीसाठी, म्हणून गोंधळ. हरिद्वार-ऋषिकेशच्या बाजारात ब्राह्मी मागितली तर बहुतेक वेळा मंडूकपर्णी मिळते. केरळात आणि बंगालात ब्राह्मी म्हणजे ती बारीक पानांची कडू. बंगाली माणूस तिची भाजी करून भाताबरोबर खातो. आपल्याकडच्या नर्सरीत ‘ब्राह्मी’ लिहिलेल्या कुंडीत बहुधा कारिवणाच असतो. आणि मंडूकपर्णीच्या गोणीत उंदीरकानीही सापडे, तीही ओलसर काळ्या जमिनीवर तशाच गोल पानांनी पसरते, मात्र फुले पिवळी आणि कूळ रताळ्याचे.

भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने दोघींना वेगवेगळी पाने देऊन हा प्रश्न कागदावर मिटवला आहे. तरी वैद्यमंडळींच्या परिसंवादात तो दरवर्षी नव्याने रंगतो. चरकाने मेध्य रसायने म्हणून जी चार द्रव्ये सांगितली त्यांत मंडूकपर्णी आहे, ब्राह्मी नाही. ब्राह्मी घृत मात्र त्याच्याच अपस्माराच्या अध्यायात आहे. मुद्दा खरा आहे, दोघींची रसायनेही निराळी आहेत. पण नोकरीत जसजशी मुरत गेले तसतसा मला त्या वादाचा कंटाळा येत गेला. चुकीची वनस्पती आली तर मी ती ट्रेमध्येच पकडत होते. जे ट्रेमध्ये पकडता येत नव्हते त्याच्याबद्दल परिसंवादात कुणी बोलत नव्हते.

ते माझ्या ध्यानात आले एका देखण्या मालामुळे. व्यापारी ओळखीचा, माल बाहेरच्या राज्यातला. काड्या हिरव्या, पाने भरपूर, माती कमी. परीक्षानळीत पाण्याबरोबर हलवला तर बोटभर फेस आला आणि बराच वेळ टिकला. ब्राह्मीतली बॅकोसाइड ही रिठ्यातल्या द्रव्यांच्या जातीची, सॅपोनिन वर्गातली, म्हणून हा फेस. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने ज्यांच्यावर बरीच वर्षे काम केले ती हीच. त्यांचे प्रमाणही छान भरले. राख मर्यादेत. ओलावा मर्यादेत. बुरशी नाही. खरेदी विभागाने भाव ठरवून टाकला होता. मग बाहेरच्या प्रयोगशाळेतून धातूंचा अहवाल आला आणि त्यात कॅडमियम मर्यादेच्या दुपटीहून अधिक.

ही धातूंची तपासणी आपल्याकडे सक्तीची झाली त्यामागे एक घटना आहे. २००४ साली अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांचा अभ्यास छापून आला. त्यांतल्या १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. आपल्याकडे आधी संताप झाला, मग धातू-पाऱ्याची रसौषधी आणि वनस्पतींची काष्ठौषधी यांतला फरक न कळल्याबद्दल गोऱ्यांना नावे ठेवून झाली, आणि १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधी उत्पादनांना धातूंची तपासणी लागू झाली. मर्यादा अशा: दशलक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३. शेवटचा आकडा किती लहान आहे ते बघा. टनभर सुक्या मालात अर्धा ग्रॅम कॅडमियम असले तरी माल नापास.

एवढ्या चिमटीभर गोष्टीचे काय कौतुक, असे आमच्या खरेदी अधिकाऱ्यांनी मला अगदी याच शब्दांत विचारले होते. कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि तिथून निघायला दशके घेते, हे त्याचे उत्तर. जपानमध्ये तोयामा भागात जिंझू नदीत खाणीचे पाणी सोडले जाई, तेच पाणी भातखाचरांत जाई, आणि तो भात वर्षानुवर्षे खाऊन माणसांची हाडे ठिसूळ झाली. नुसत्या खोकल्यानेही बरगडी मोडे, म्हणतात. १९६८ मध्ये जपान सरकारने ते कॅडमियममुळे होते हे मान्य केले. भातखाचरात जे भाताला मिळते तेच बांधाशेजारच्या ब्राह्मीलाही मिळते. आणि औषध म्हणून ब्राह्मी कुणी एकदा घेत नाही. स्मरणशक्तीवर तिच्या ज्या बऱ्यापैकी चाचण्या झाल्या, ऑस्ट्रेलियातल्या धरून, त्या बारा-बारा आठवडे रोज देऊन केलेल्या आहेत. (फेब्रुवारीत पालकांचे फोन येत, दहावीची परीक्षा पंधरा दिवसांवर आहे, कुठली ब्राह्मी देऊ? त्यांना मी झोप द्या असे सांगत असे.)

व्यापाऱ्याला अहवाल कळवला. तो म्हणाला, “मॅडम, दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट आणून देतो.” आमच्याच कारखान्यातून सूचना आली की आधीच्या चांगल्या मालात हा थोडा थोडा मिसळून टाकावा, सरासरी बसून जाईल. हिशेबाने बसलीही असती. मी सही केली नाही आणि माल परत गेला. एवढ्यावर प्रकरण मिटायला हरकत नव्हती, पण माल इतका चांगला असून त्यात हे आले कुठून, हे मला कळल्याशिवाय चैन पडेना. म्हणून वाचायला घेतले.

वाचताना कळले ते असे. लखनौच्याच राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या लोकांनी ब्राह्मीला पारा, क्रोमियम असले धातू घातलेल्या पाण्यात वाढवून पाहिले होते. ती मरत नाही. धातू शोषून घेते, अंगात ठेवते आणि वाढत राहते. सांडपाणी स्वच्छ करायला ज्या पाणवनस्पती वापरता येतील त्यांच्या यादीत तिचे नाव आहे. म्हणजे एकाच शहरात बसलेल्या दोन संस्था: एक तिच्याकडून बुद्धीचे औषध काढते आहे, दुसरी तिच्याकडून पाण्यातले विष काढून घेते आहे. दोघीही बरोबर.

आता तो मुळांचा झुबका. जी वनस्पती पेरापेरावर चिखलात मूळ सोडते तिला एक तोंड नसते, शेकडो असतात. धातू बहुतेक वनस्पतींत मुळांत जास्त अडकतात, खोडापानांत कमी चढतात. गुळवेलीसारख्या वेलीचे खोड औषधात जाते, मुळे जमिनीतच राहतात. ब्राह्मीचे मात्र औषधात पंचांग जाते, म्हणजे मुळांसकट सगळी. गोळा करणारे विळ्याने कापतात तेव्हाही पेरांवरची मुळे काडीबरोबरच येतात. धुऊन उपयोग होतो तो मातीपुरता. राखेचा आकडा खाली येतो, अहवाल सुंदर दिसतो, आणि जे आत गेले ते आतच राहते.

व्यापाऱ्याला जागा विचारली तर तो हसला. “जागा सांगितली तर आम्ही खाणार काय?” त्याचेही खोटे नव्हते. काष्ठौषधीच्या धंद्यात माल कुठून येतो हेच भांडवल असते. जंगलातला किंवा शेतातला माणूस, त्याच्याकडून गावचा दुकानदार, मग तालुक्याचा आडत्या, मग मोठ्या शहरातला घाऊक व्यापारी, आणि मग आम्ही. प्रत्येक पायरीवर चार ठिकाणांचा माल एका ढिगात पडतो. आमच्या गोदामात आलेल्या एका गोणीत किती तळ्यांचे पाणी असेल, देव जाणे.

म्हणून उलट्या टोकाने सुरुवात करायचे ठरवले. आमच्याच जिल्ह्यात खाडीलगतच्या खाजणांत आणि भाताच्या बांधांवर ब्राह्मी भरपूर आहे. पाण्याला थोडा खारटपणा असला तरी तिला चालतो. कातकरी वाड्यांतल्या बाया शेवळे, टाकळा, खेकडे, सुकी लाकडे यांच्याबरोबर ओळखीच्या दुकानदारासाठी थोडी ब्राह्मीही आणून देत. त्यांच्यातल्या एका वयस्क बाईबरोबर मी भातकापणीच्या तोंडावर फिरू लागले. मी तिला मावशी म्हणे, ती मला ताई.

मावशीचे काम बघण्यासारखे होते. ती बांधाच्या कडेला उकिडवी बसे, डाव्या हाताने ब्राह्मीचा जाडसर थर गोधडीचा कोपरा उचलावा तसा उचले आणि खालून विळा फिरवे. हातात आलेली जुडी लगेच खाचरातल्या पाण्यात दोनदा बुचकळून काढे, झटके आणि तिथल्या तिथे निवडे. माका वेगळा, लव्हाळ्याचे पाते वेगळे, गोगलगाय उचलून पाण्यात परत. एक एक चिमुकले पांढरट जांभळे फूल अजून टिकून असे. तिच्या हाताखालच्या जुडीत परका कचरा शोधून सापडत नसे. तपासणीच्या वहीत आम्ही जी दोन टक्क्यांची मुभा देतो ती तिने कधी वापरली नाही. मुळासकट उपटत मात्र ती कधीच नसे. विचारले तर म्हणाली, “सगली काडली तं फुडच्या वर्साला काय खाशील?”

एकदा एका ओढ्याच्या कडेने जाताना मला ब्राह्मीचा असा गालिचा दिसला की मी थांबलेच. पाने दुप्पट मोठी, रंग गर्द, काडी रसरशीत. एका जागी बसून तासाभरात गोणी भरली असती. मावशी पुढे निघून गेली होती. हाक मारली तर मागे वळून म्हणाली, “तिथली नको ताई. त्या पान्याला म्हशी पन तोंड लावीत नाय.”

ओढ्याच्या वरच्या अंगाला वस्ती होती, आणि वस्तीच्या वर कसले तरी गाळे. बाहेरून बघता पाणी स्वच्छच होते. सांडपाण्यातले नत्र मिळाले की कुठलीही हिरवी वनस्पती अशीच फोफावते. तिच्या रंगावरून वरच्या अंगाला काय आहे ते कळायला हवे होते. व्यापाराचा सगळा डोळा मात्र उलट्या बाजूने तयार झालेला. हिरवा माल चांगला, भरगच्च पानांचा माल चांगला, जाड काडीचा माल चांगला. आमच्या खरेदीच्या कागदावरही ‘रंग: हिरवा’ असाच रकाना होता. ज्या गुणांना आम्ही जादा भाव देत होतो, तेच नाल्याकाठी सगळ्यात छान पिकत होते.

मी त्या ओढ्याची जुडी आणि बांधावरची जुडी वेगवेगळ्या पिशव्यांत घालून नेल्या, वेगवेगळ्या वाळवल्या आणि प्रयोगशाळेत पाठवल्या. ओढ्याच्या जुडीत शिसे आणि कॅडमियम दोन्ही जास्त निघाले, बांधावरच्यात दोन्ही मर्यादेच्या बरेच खाली. दोन पिशव्यांवरून सिद्धांत काढता येत नाही हे मला कळते. पण म्हशींच्या निवाड्याविरुद्ध जाणारे त्यात काही नव्हते. म्हशी कॅडमियम ओळखतात असे माझे म्हणणे नाही. त्या घाण ओळखतात, आणि आपल्याकडे घाण आणि धातू बहुधा एकाच नाल्यातून येतात. आमच्याच जिल्ह्यात तळोज्याला २०१७ च्या ऑगस्टमध्ये भटकी कुत्री निळी झाल्याचे फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांत आले. निळा रंग दिसला म्हणून फोटो निघाले. पाण्यात विरघळलेल्या कॅडमियमला रंग नाही.

हे सगळे मी आमच्या कारखान्याच्या वैद्यांना सांगायला गेले. सत्तरीचे गृहस्थ, पाठांतर दांडगे, प्रयोगशाळेबद्दल फारसे प्रेम नाही. मला वाटले, आता शास्त्र आणि परंपरा यांवर व्याख्यान ऐकावे लागणार. त्यांनी उठून सुश्रुतसंहिता काढली. सूत्रस्थानात भूमिप्रविभागीय नावाचा एक अध्याय आहे, औषधी कुठून घ्यावी याचा. जमीन खड्ड्याखळग्यांची, दगडगोट्यांची नसावी, वारूळ नसावे, स्मशान नसावे, देवळाची जागा नसावी, वधस्थान नसावे. आणि औषधी स्वतः किडीने, विषाने, शस्त्राने, उन्हाने, वाऱ्याने, आगीने, पाण्याने किंवा रस्त्याने बाधित झालेली नसावी. रस्त्याने! हायवेच्या कडेला गोळा होणाऱ्या किती गोण्या आम्ही घेतल्या असतील. वैद्य म्हणाले, “हा अध्याय कोणी परीक्षेला टाकत नाही. द्रव्याचे गुण पाठ करतात, जमीन सोडून देतात.” मग चष्मा काढून, “तुमच्या मशीनला जे शेवटी कळले ते इथे पहिल्यांदा विचारले आहे,” असेही म्हणाले. मशीनने आकडा दिला नसता तर हा अध्याय त्यांनीही कपाटातून काढला नसता, पण ते मी बोलले नाही.

यातून दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे आवक तपासणीच्या कागदावर ‘पाण्याचा स्रोत’ असा नवा रकाना आला. तो भरून घेताना माझी करमणूक बरीच झाली. कुणी ‘नदी’ लिही, कुणी ‘पावसाचे’, एकाने ‘स्वच्छ’ असे लिहून खाली सही केली होती. बाहेरच्या राज्यातले व्यापारी त्या जागी तालुक्याचे नाव घालून मोकळे होत. तरी दरवेळी कागद परत पाठवला की हळूहळू एखादे तळे, एखादा कालवा नावासह येऊ लागला. ज्यांनी ते लिहिले त्यांचा माल नापास होण्याचे प्रमाण कमी होते. ते प्रामाणिक होते म्हणून की त्यांना स्वतःला जागा माहीत होती म्हणून, हे सांगता येणार नाही. बहुधा दुसरे.

दुसरी म्हणजे कारखान्याच्या मागच्या पडीक जागेत लागवड. लखनौच्या सिमॅप संस्थेने ब्राह्मीच्या प्रज्ञाशक्ती, सुबोधक अशा जाती काढल्या आहेत. त्यांची रोपे आणि मावशीने बांधावरून दिलेल्या काड्या शेजारशेजारच्या वाफ्यांत लावल्या. लावणे अगदी सोपे. बोटाएवढी काडी, दोन-तीन पेरे चिखलात, बस्स. आठवडाभरात ती धरते. जूनअखेरीला लावले की पाऊस संपता संपता पहिली कापणी येते, बुडखा ठेवून कापली तर पुन्हा फुटते. विहिरीचे पाणी आधीच तपासून घेतले होते. इथपर्यंत सगळे पुस्तकाप्रमाणे.

पुस्तकात न लिहिलेला भाग म्हणजे लव्हाळा. ब्राह्मीला कायम ओल हवी, आणि कायम ओल असली की लव्हाळ्याचेही फावते. ब्राह्मी अंगाने एवढीशी, लव्हाळा तिच्या थरातूनच भाला काढून वर येतो. तणनाशक मारायचे नाही, खुरपे घातले तर ब्राह्मीच आधी तुटते; म्हणजे दोन बोटांनी उपटणे एवढाच उपाय. आमच्या लागवडीचा निम्म्याहून जास्त खर्च निंदणीच्या मजुरीत गेला. सुकवणेही कोकणात जिकिरीचे. दहा किलो ओल्या ब्राह्मीची सुकून जेमतेम सव्वा-दीड किलो होते, म्हणजे बाकी सगळे पाणी हवेत घालवायचे, तेही सावलीत, आणि हवा अशी की टॉवेल वाळत नाही. थर जरा जाड झाला की आतून काळा पडतो. शेवटी जुन्या भाताच्या खळ्यावर बांबूच्या तट्ट्या उंच बांधून पातळ पसरायला लागलो तेव्हा जमले. त्या मालाचा धातूंचा अहवाल इतका स्वच्छ आला की प्रयोगशाळेने नमुना ब्राह्मीचाच आहे ना, असे फोनवर विचारले.

पण हिशेबाला बसले की खरा मुद्दा समोर येई. आमच्या वाफ्यातली ब्राह्मी बाजारभावाच्या कितीतरी पट महाग पडली. बांधावरची ब्राह्मी त्याहून स्वस्त, पण मावशीला एक गोणी भरायला दिवसभर चार वाड्यांचे बांध फिरावे लागत. नाल्याकाठी तीच गोणी सकाळीच भरते. वजनावर पैसे दिले की आपण गोळा करणाराला नाल्याकडेच पाठवतो. त्याला समज देऊन, फलक लावून, शिबिर घेऊन फरक पडत नाही. मावशी नाला टाळायची ती तिच्या स्वभावाने, आमच्या भावामुळे नव्हे. बांधावरच्या मालाला वेगळा, चढा भाव बांधून द्या, हे व्यवस्थापनाच्या गळी उतरवायला मला त्या सगळ्या अहवालांपेक्षा जास्त घाम गाळावा लागला. शेवटी तो मंजूर झाला, फक्त जिल्ह्यातल्या मालापुरता, आणि आम्हाला लागणाऱ्या एकूण ब्राह्मीचा तो फार छोटा भाग होता. बाकीची ट्रकनेच येत राहिली, अहवालासकट.

चढा भाव जाहीर झाल्यावर वाडीतून माल वाढला हे खरे, आणि मावशी एक दिवस चिडून कारखान्यात आली हेही खरे. शेजारच्या वाडीतले दोघे नाल्यावरची भरून बांधावरची म्हणून देतात, असे तिचे म्हणणे. मी म्हटले, तपासणीत कळेल. “कवा?” अहवालाला आठ-दहा दिवस लागतात. “तोवर त्येंना पैसं भेटलं ना?” मिळाले होते. तेव्हापासून जिल्ह्यातल्या मालाचे निम्मे पैसे अहवालानंतर द्यायचे ठरले, आणि त्याने सगळ्यात जास्त अडचण झाली ती मावशीचीच, कारण तिला आठ दिवस थांबणे परवडत नव्हते. मग तिच्यापुरता अपवाद केला, तो लेखापरीक्षणात निघाला, आणि लेखी खुलासा द्यावा लागला. खुलाशात ‘विश्वासार्ह पुरवठादार’ असे लिहिले. पुरावा काय, असा शेरा आला. म्हशींचे लिहिता येईना.

एक गोष्ट मात्र मी नोकरी सोडेपर्यंत सुटली नाही. नापास माल परत जातो. परत जातो म्हणजे गोण्या त्याच गाडीत चढतात आणि व्यापारी त्या घेऊन जातो. त्या माझ्या समोर नष्ट कराव्यात अशी मागणी मी एकदा लेखी केली होती. लेखा विभागाचे उत्तर होते की आवक मंजूर होईपर्यंत माल आपला नाही, व्यापाऱ्याचा आहे. दुसऱ्याचा माल जाळायचा अधिकार आपल्याला नाही. बरोबर आहे. त्या व्यापाऱ्याला मी तोंडावर विचारले, हा आता कुठे जाणार? तो मोकळेपणाने म्हणाला, “मॅडम, सगळे तुमच्यासारखं बघत नाहीत. तेलवाले आहेत, चूर्णवाले आहेत.” आणि गाडीच्या फाळक्याला कडी घालायला सांगून चालानावर माझी ‘अस्वीकृत’ची सही घ्यायला आला.